तारेतून लय जाते, ताल जात नाही

ध्वनिमुद्रण क्लिकवर करायचे की क्लिकशिवाय, हा प्रश्न गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात गाण्या-वाजवण्याचे काम करणाऱ्या कुणालाच चुकत नाही. भजनी मंडळ आपल्या बुवांचा गजर मुद्रित करायला घेते, बेंजो पथक नवे कोळीगीत बसवते, नाट्यसंगीत गाणारा आपली पदे जपून ठेवू पाहतो, आणि कानात टिकटिक घ्यायची की नाही यावर पहिल्याच तासाला गाडी अडते. ज्या यंत्रावर हे काम होते तो डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर आता पेटीहूनही लहान झाला आहे. आठ, सोळा, चोवीस किंवा बत्तीस ट्रॅक, एक मेमरी कार्ड, आत बसवलेला मेट्रोनोम आणि बऱ्याच यंत्रांच्या मागे मिडीची पाच पिनांची खोबण, एवढा त्याचा संसार. एका बाजूचे म्हणणे असे की क्लिकशिवाय केलेले काम पुढे कशालाच जोडता येत नाही. दुसरी बाजू म्हणते की क्लिक लागला की गाण्यातला जीव गेला. दोन्हीकडचे पुरावे तपासल्यावर मला वाटते, भांडण चुकीच्या जागी चालले आहे. माणूस, रेकॉर्डर आणि रिदम मशीन या तिघांत कोणी कोणाच्या मागे चालायचे, हे आधी ठरायला हवे. यंत्र कारखान्यातून ज्या मांडणीत येते ती तशीच पत्करल्यामुळे हा क्रम आपल्याकडे बहुतेक वेळा उलटा लागतो, आणि क्लिकवरच्या बहुतेक तक्रारी त्या उलट्या क्रमाच्या तक्रारी आहेत.

बाहेरून कोणीतरी काळ मोजायचा ही कल्पनाच परकी आहे, असे पुष्कळदा बोलले जाते. ते खरे नाही. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरणारा माणूस तासभर एकच ओळ वाजवतो ती कशासाठी? तबलावादकाला कायदे, रेले, गती हव्या तशा फिरवता याव्यात आणि तरी सम हरवू नये, यासाठी. विलंबित ख्यालात हीच भूमिका उलटते. तिथे तबलजी ठेका धरून ठेवतो आणि गायक त्यावर मोकळा होतो. म्हणजे एकाने घड्याळ व्हायचे आणि दुसऱ्याने त्यावर खेळायचे, ही वाटणी आपल्या बैठकीत फार जुनी आहे. फरक आहे तो कानाचा. लेहरा धरणाऱ्याला तबला ऐकू येतो. तबलजीने मध्यलयीतून द्रुतात जायचे ठरवले की लेहराही त्याच्याबरोबर चढतो. मेट्रोनोमला कोणाचेच ऐकू येत नाही. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचेच. त्यांच्या स्वरलेखनात सम, टाळी, खाली यांना खुणा आहेत, मिनिटाला किती मात्रा याला नाही. विलंबित, मध्य, द्रुत ही नावे एकमेकांच्या तुलनेत चालतात. योहान मेल्झेलने १८१५ साली मेट्रोनोमचे पेटंट घेतले आणि १८१७ मध्ये बेथोव्हेनने आपल्या सिंफनींना आकडे लावून प्रसिद्ध केले, तेव्हा युरोपातही त्या आकड्यांवरून वाद सुरू झाला आणि तो आजतागायत मिटलेला नाही. आकडा आणि लय यांत सगळीकडेच थोडे अंतर राहते.

क्लिक ट्रॅकचा जन्म सिनेमात झाला. १९२८-२९ च्या सुमारास अमेरिकेतल्या व्यंगचित्रपटवाल्यांना पडद्यावरच्या पावलाशी संगीताचा ठोका जुळवायचा होता. सेकंदाला २४ चौकटी, दर १२ चौकटींना एक टिक, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, असे ते गणित. मुंबईच्या चित्रपटसंगीताने मात्र पुढची कित्येक दशके या टिकटिकीवाचून काम केले. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये वाडिया मूव्हिटोनच्या जागेत परळला राजकमल कलामंदिर सुरू केले. तिथल्या मंगेश देसाई यांचे रिरेकॉर्डिंगमधले नाव देशभर होते. दादरची बॉम्बे लॅब, ताडदेवचे फेमस आणि फिल्म सेंटर इथे गाणी मुद्रित होत असत. गायक, व्हायोलिनांची रांग, ढोलक-तबला, ब्रास असे सगळे एका छताखाली आणि समोर अरेंजरचा किंवा कंडक्टरचा हात. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजरांनी लिहिलेल्या नोटेशनवर शेपन्नास वादक एकत्र चालत ते त्या हाताच्या आणि ढोलकवाल्याच्या भरवशावर. अंतऱ्यात लय किंचित पुढे सरकली तर सगळेच सरकत, म्हणून कोणालाच कळत नसे. जुन्या गाण्यांचे उदाहरण देऊन ‘तेव्हा क्लिक कुठे होता?’ असे विचारणारे इथे एक गोष्ट विसरतात. तेव्हा क्लिकची गरज नव्हती, कारण खोली एक होती.

ती खोली मल्टिट्रॅकने मोडली. आज रिदम, उद्या तंतुवाद्ये, पुढच्या आठवड्यात गायक, अशी वाटणी सुरू झाली की वादकाच्या समोर हात राहत नाही. जो आला आहे त्याला, जे आले नाहीत त्यांच्याशी जुळवून घ्यायचे असते. इथे पहिल्यांदा क्लिक ही खरी गरज झाली. टेपच्या काळात त्याची किंमतही मोजावी लागे. यंत्रे एकमेकांशी जुळवायला २४ ट्रॅकच्या टेपवर शेवटच्या ट्रॅकवर टाइमकोड, म्हणजे वेळ सांगणारा संकेत, ओढायचा म्हणजे संगीताला उरले २३. आठ ट्रॅकच्या यंत्रावर एक ट्रॅक गेला की आठवा हिस्साच गेला. १९९१ मध्ये अलेसिसने एडॅट दाखवला, पुढच्या वर्षी तो बाजारात आला. व्हीएचएसच्या घरातलीच कॅसेट, तिच्यावर आठ डिजिटल ट्रॅक, आणि अशी १६ यंत्रे एकत्र बांधून १२८ ट्रॅकपर्यंत जाता येत असे. आजच्या कार्डवाल्या रेकॉर्डरमध्ये वेळ ट्रॅकवर लिहावा लागत नाही, तो यंत्राला आतूनच ठाऊक असतो. पूर्वीचा हा खर्च संपला, ही बाब वादात कोणी मोजत नाही. ती मोजली तर पुढे सुचवलेला उपाय किती स्वस्त आहे ते लक्षात येईल.

यंत्रांनी एकमेकांना काळ सांगण्याची मुंबईतली एक मोठी घटना मिडीच्या आधीची आहे. चित्रपटसंगीतातले गिटारवादक चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी १९८२ मध्ये एचएमव्हीने काढली. त्यात रोलँडची तीन यंत्रे होती: टीआर-८०८ रिदम मशीन, टीबी-३०३ बेस आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर. रोलँडची त्या काळची जोडणी डिन-सिंक नावाची. तीही पाच पिनांच्याच प्लगातून जायची आणि ‘एका चौथाई स्वराला २४ स्पंद’ हा तिचाच हिशेब पुढे मिडीने उचलला. त्या तबकडीत ठोका सुरुवातीपासून शेवटपर्यंत अढळ आहे आणि त्यावर राग वाजतात. विकली ती फारशी गेली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधून पुन्हा निघाली तेव्हा जगभर तिची चर्चा झाली. या प्रयोगाचा क्लिकवादी लोक दाखला देतात: बघा, राग आणि यंत्राचा ठोका नांदू शकतात. दाखला बरोबर आहे, पण तो जेवढे सिद्ध करतो तेवढेच घ्यावे. तिथे विलंबिताचे आवर्तन नव्हते, साथीदार नव्हता, समेला भेटायचे कोणाशी नव्हते. एकाच माणसाने आधी यंत्राची चाल पसंत केली आणि मग तिच्यावर वाजवले. यंत्र पुढे, माणूस मागे, हा क्रम कलावंताने जाणून निवडला की तो चालतो. भजनी मंडळावर तो नकळत लादला जातो, तिथे बिघडते.

मिडीच्या तारेतून नेमके काय जाते हे इथे नीट पाहायला हवे, कारण अर्धे गैरसमज तिथले आहेत. १९८१ मध्ये डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी वाद्ये एकमेकांना जोडण्याची एक सामाईक पद्धत मांडली, रोलँडचे इकुतारो काकेहाशी तिच्यामागे उभे राहिले, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम मेळ्यात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने बोलले. तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक बाइट जायला मिलिसेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. मिडी क्लॉक म्हणजे एका चौथाई स्वरात २४ वेळा पाठवलेला एकच बाइट. मिनिटाला १२० ठोके असतील तर सेकंदाला ४८, म्हणजे दर २१ मिलिसेकंदांना एक. त्याच्या जोडीला ‘सुरू’, ‘थांब’, ‘पुढे चालू’ असे तीन हुकूम आणि गाण्यातली जागा सांगणारा एक पत्ता. बस, एवढेच. कितवी मात्रा, सम कुठे, खाली कुठे, आवर्तन सातचे की दहाचे, यातले काहीही त्या २४ स्पंदांत नसते. मिडी फाइलमध्ये टाइम सिग्नेचर लिहून ठेवता येते, पण वाजत्या क्लॉकमध्ये ती नसते. तारेतून लय जाते, ताल जात नाही. म्हणून रेकॉर्डरवर सातचा हिशेब आणि रिदम मशीनवर आठचा ठेका लावला तरी दोन्ही यंत्रे न कुरकुरता बरोबर धावतात आणि दुसऱ्याच आवर्तनात सम फुटते. जागा सांगणारा पत्ताही १४ बिटांचा. तो स्वराच्या सोळाव्या हिश्श्यांत मोजतो, १६,३८४ पर्यंत. १२० च्या लयीत तो ३४ मिनिटांत संपतो. सिनेमाच्या गाण्याला ही मर्यादा कधी जाणवणार नाही. रात्रभर चालणाऱ्या डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचे, सलग मुद्रण पुन्हा मधूनच उघडून त्याला रिदम मशीन जोडायचे असेल, तर मात्र तिची आठवण राहील.

दुसरी भाषा मिडी टाइमकोडची. ती घड्याळाची वेळ सांगते: तास, मिनिट, सेकंद, चौकट. भारतीय टीव्हीच्या २५ चौकटींच्या हिशेबाने सेकंदाला शंभर तुकडे येतात आणि आठ तुकडे जोडून एक पूर्ण वेळ तयार होते. यात लयसुद्धा नसते. त्यामुळे टाइमकोडवर बांधलेल्या दोन यंत्रांना लयीचा नकाशा वेगवेगळा दिला, तर दोन्ही अगदी वेळेवर एकमेकांना चुकवत राहतील. चित्राला संगीत जोडायचे तर टाइमकोड, ठोक्याला ठोका जोडायचा तर क्लॉक, इतका हा फरक सरळ आहे. तरी मेनूत दोन्ही शेजारी असतात म्हणून जे आधी दिसेल ते निवडले जाते.

आता मेट्रोनोमकडे. कारखान्यातून आलेल्या रेकॉर्डरमध्ये तो चार मात्रांचा, १२० च्या लयीचा आणि पहिल्या मात्रेवर मोठा ‘टिंग’ करणारा असतो. केरवा किंवा भजनी ठेका यांना ते बेताने चालते, आठ मात्रांचे दोन बार होतात. रूपक घ्या. सात मात्रा, तीन-दोन-दोन, आणि सम खालीवर. हाताने ताल धरणारा जिथे हात उलटा करतो, तबल्याचा डग्गा जिथे गप्प असतो, नेमक्या तिथेच यंत्र सगळ्यात मोठ्याने वाजते. तबलजीच्या कानात प्रत्येक आवर्तनाला हा विरोधी जोर बसत राहिला की तो नकळत समेवर वजन टाकू लागतो आणि रूपकाचा डौल जातो. यंत्राने इथे लय तर मुळीच बिघडवलेली नसते. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन हे विभागही मेट्रोनोमला माहीत नसतात. त्याच्या लेखी दहा किंवा पाच सारख्या टिका. विलंबित एकतालाची अडचण त्याहून वेगळी. एक मात्रा चार-पाच सेकंदांची असली तर मिनिटाला १२ ते १५ मात्रा होतात आणि पुष्कळ यंत्रांची खालची मर्यादाच त्याच्या वर असते. इथे वाट आहे: तबलजी एवढ्या विलंबितात मात्रेचे चार भाग मनात धरूनच ठेका भरतो, तेव्हा टिक त्या पाव मात्रेला लावावी, ४८ ते ६० वर. तसे केले की यंत्र माणसाच्या मोजणीत येते. उलट मोठ्या मात्रेला टिक लावण्याचा हट्ट धरला तर दोन टिकांमधल्या पाच सेकंदांत माणूस एकटाच असतो आणि पुढची टिक त्याला चूक ठरवायलाच येते.

मुखड्याचे प्रकरण आणखी बारीक आहे. आपल्या कितीतरी बंदिशी आणि पदे समेवरून उठत नाहीत. तीनतालातला मुखडा नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून, उठून समेला येतो. काही पदे शेवटच्या दोन-तीन मात्रांतच झेप घेतात. रेकॉर्डरची मोजणी मात्र अशी: आधी एक-दोन बार नुसत्या टिका, आणि मग पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेपासून मुद्रण. गायक त्याच्या सवयीने टिकांवरच मुखडा उचलतो, समेवर यंत्र जागे होते आणि गाण्याचा पहिला शब्दच कार्डावर उतरत नाही. मग गायकाला समेपासून सुरू करायला सांगितले जाते आणि उठाणच नाहीसे होते. याला लागणारी दुरुस्ती क्षुल्लक आहे: गाणे पहिल्या बारपासून सुरूच करू नये, दोन आवर्तने मोकळी सोडावीत आणि मुद्रण त्या मोकळ्या जागेतच चालू करावे. पुढे रिदम मशीन जोडताना, मागे सरकून सुरुवात करताना, सुरुवातीला शांतता हवी असताना ही मोकळी जागा पुन्हा पुन्हा उपयोगी पडते.

सगळ्यात मोठा पेच मात्र वाढत्या लयीचा. लालबाग-परळला कोकणातून गिरण्यांत आलेल्या माणसांनी आपले नमन, शक्तीतुरा आणि भजन बरोबर आणले. परळचे दामोदर नाट्यगृह त्यांचे हक्काचे ठिकाण झाले, आणि डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसून रात्र जागवू लागले. पखवाज, पेटी, झांजा आणि कोरस यांच्या गजरात लय चढणे हाच त्या गाण्याचा अर्थ असतो. बुवा एक ओळ वर उचलतो, पखवाज्या त्याच्या तोंडाकडे पाहून दुगुनीला जातो, झांजा बंद हातांच्या खुल्या होतात, आणि चढती लय कोणी ठरवलेली नसते, ती सगळ्यांकडून मिळून होते. अशा गजराला एकच आकडा लावून क्लिकवर वाजवायला लावणे म्हणजे त्यातला घटनाक्रमच काढून टाकणे. यावर ‘लयीचा नकाशा भरा, म्हणजे टेम्पो मॅप करा’ असा सल्ला दिला जातो. समजा ९० पासून १६० पर्यंत लय न्यायची आहे. छोट्या रेकॉर्डरमध्ये लयीचा बदल सहसा बारच्या तोंडाशीच भरता येतो, म्हणजे चढ पायऱ्यापायऱ्यांचा होतो. आणि त्या पायऱ्या बुवांनी गाण्याआधीच कोणीतरी बोटाने भरलेल्या असतात. जो निर्णय गाताना व्हायचा तो आदल्या दिवशी मेनूत झालेला असतो. माझ्या मते गजराच्या बाबतीत क्लिकविरोधकांचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे, आणि त्यावर यंत्रवाल्यांकडे उत्तर नाही.

पण याच गल्लीत, याच मुलांचे दुसरे काम तपासा. बेंजो पथकात विजेवरचा बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ताशा, झांज असा मेळ असतो. गणपतीच्या आगमनापासून हळदीपर्यंत त्यांना काम असते, आणि प्रत्यक्ष मिरवणुकीत कोणालाही क्लिक लागत नाही. तीच मुले गाणे स्टुडिओत करायला घेतात तेव्हा चित्र पालटते. ऑक्टोपॅडवरचे आवाज नंतर बदलायचे असतात, कीबोर्डचा सिक्वेन्स खाली चालवायचा असतो, कोरस दुसऱ्या दिवशी येणार असतो. सिक्वेन्स आणि मुद्रित ढोलकी यांत कणभर फरक पडला की दोन ढोलक्या अडखळत वाजल्यासारखे ऐकू येते. दोन स्वतंत्र यंत्रे एकाच वेळी बटण दाबून सुरू केली तरी पुरत नाही. त्यांच्या आतल्या घड्याळांच्या स्फटिकांत दहा लाखात पन्नास भागांचा फरक असला तर मिनिटाला तीन मिलिसेकंद आणि तासाला १८० मिलिसेकंद अंतर पडते. पाच मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी १५ मिलिसेकंद, आणि टिपरीसारख्या टोकदार आवाजाचे जोडठोके कानाला तेव्हाच खुपू लागतात. मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचे तर ‘सैराट’ पाहावा. २०१६ च्या त्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला. इथला ताल आणि तिथले व्हायोलिनवादक यांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. अशा कामाला सामाईक घड्याळाशिवाय दुसरा आधारच नाही. आणि त्यातल्या ‘झिंगाट’वर नाचणाऱ्या कोणाला तिथे जीव कमी पडला असे वाटलेले नाही. क्लिकने जीव जातो हे विधान सरसकट टिकत नाही ते इथे.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा आहे: आता संगणक मागाहून ठोके शोधून देतो, तेव्हा आधी क्लिक कशाला हवा? मोकळे वाजवा, नंतर जुळवू. हे अर्धे खरे आहे. ठोके शोधणारी प्रणाली जोरदार आवाजाला ठोका समजते. लावणीच्या ढोलकीत धुमीचा घुमारा कितीदा तरी मात्रेच्या अधेमधे येतो आणि समेवर नुसती चाटीवरची थाप असते. रूपकात तर समेला डग्गा नसतोच. अशा वेळी प्रणाली सम भलतीकडे मांडते आणि पुढचा प्रत्येक बार त्या चुकीवर उभा राहतो. मोकळे वाजवून नंतर नकाशा काढणे हा मार्ग उत्तम आहे, पण त्यातला ठोका माणसाने द्यायला हवा. ताल जाणणाऱ्या कोणीतरी मुद्रण ऐकत एका वेगळ्या ट्रॅकवर सम आणि टाळ्या वाजवून ठेवाव्यात, खालीला वेगळा आवाज द्यावा, आणि संगणकाला किंवा रेकॉर्डरला नकाशा त्या ट्रॅकवरून काढायला लावावा. पूर्वी टाइमकोडसाठी एक ट्रॅक खर्ची पडत असे. २४ ट्रॅकच्या यंत्रात तालासाठी एक द्यायला कोणाचा जीव तुटू नये.

इथून तो क्रम स्पष्ट होतो. रिदम मशीनची लय हवी तशी वाकवता येते; कार्डावर उतरलेला आवाज तसा वाकत नाही. म्हणून यंत्रायंत्रांत रेकॉर्डरने पुढे चालावे आणि रिदम मशीन, कीबोर्डचा सिक्वेन्स, ऑक्टोपॅडचा फ्रेज यांनी त्याच्या क्लॉकमागे यावे. पुष्कळ ठिकाणी कीबोर्ड महागडा म्हणून त्याला प्रमुख करतात. किमतीचा आणि या क्रमाचा काही संबंध नाही. रेकॉर्डरच्याही पुढे माणूस असावा, म्हणजे पहिल्या ट्रॅकवर मेट्रोनोमऐवजी ताल धरणाऱ्याचे वाजवणे यावे. त्याने स्वतः क्लिकवर वाजवायचे की मोकळे, हे गाण्याने ठरावे. एकच लय लागणाऱ्या कोळीगीताला तो क्लिक घेईल, गजराला घेणार नाही. बाकीच्यांच्या कानात मात्र टिकटिकीऐवजी त्याचा ठेका जावा. पखवाजाच्या आवाजात बारीक टिक ऐकू येत नाही, मग ती वाढवतात, मग ती हेडफोनमधून माइकमध्ये शिरते आणि अभंगाच्या शेवटच्या शांत ओळीत स्पष्ट ऐकू येते. ठेका गळला तरी तो ठेकाच असतो, ऐकणाऱ्याला तो खटकत नाही.

ताल जाणणारे यंत्र करता येत नाही असे मुळीच नाही. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांच्या राडेलची तालमाला घराघरांत रियाजाला वापरली जाते. तिच्यात रूपक निवडला की ठेका रूपकाचाच येतो, खालीसकट. रियाजात तिच्यावर बोट ठेवणारे थोडे आहेत, आणि तिच्यावर रियाज करणारेच मुद्रणात क्लिक नको म्हणतात, यावरून खरी अडचण घड्याळाची नसून तालाच्या अभावाची आहे हे दिसते. मात्र तालमाला शेजारी चालू ठेवून रेकॉर्डर वेगळा चालवला तर स्फटिकांचे तेच अंतर पडणार. तिचा ठेका आधी पहिल्या ट्रॅकवर उतरवून घ्यावा आणि मग ती बंद करावी.

एका ठिकाणी मात्र कोणतेही घड्याळ पुरत नाही. गिरगावच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथक लांब ओळींत चालते. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, तेव्हा ३५ मीटर मागच्या ढोलाला पुढचा ताशा शंभर मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. १२० च्या लयीत पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची. कानावर विसंबले तर मागची ओळ मागेच राहणार, म्हणून पथक डोळ्यांनी, पुढच्याच्या टिपरूकडे आणि ताशावाल्याच्या हाताकडे बघून वाजवते. दोन टोकांना दोन रेकॉर्डर ठेवून ते टाइमकोडने अगदी काटेकोर बांधले तरी दोन्हीकडचे मुद्रण एकमेकांवर बसणार नाही, कारण अंतर हवेतच आहे. तिथे एका टोकाचा ट्रॅक पुढे-मागे सरकवून कानाने जुळवावा लागतो, आणि कुठल्या ओळीतला ऐकणारा आपण मानतो हे आधी ठरवावे लागते.

मिडीची दुसरी आवृत्ती २०२० मध्ये मान्य झाली, आणि २०२३ मध्ये तिच्यात लय, टाइम सिग्नेचर आणि मेट्रोनोमची मांडणी हे सगळे वाजत्या तारेतून पाठवण्याचे संदेश जोडले गेले. बारमधले जोर तीन भागांपर्यंत सांगण्याची सोय त्यात आहे. रूपकाचे तीन-दोन-दोन त्यात बसते. झपतालाला चार विभाग लागतात, तेव्हा तो पाच-पाचच्या दोन बारांत तोडावा लागेल आणि सम कोणत्या बारची हे पुन्हा माणसालाच लक्षात ठेवावे लागेल. खाली सांगायला त्या संदेशात जागाच नाही. तिथे भर घालायची तर भातखंड्यांच्या खुणा ठाऊक असलेल्या माणसांनी ती मागणी लिहून पाठवायला हवी. विजेची वाद्ये विकत घेण्यात मुंबई मागे नाही, तेव्हा मागणी ऐकली जाणार नाही असे समजायला कारण नाही.